जुन्या १०० सीसी मोटरसायकलचे टायर बदलताना आधी रिम पाहा

तुमचा प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कोणत्या गाडीसाठी आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहता, रोज मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कामाला जाता आणि जाताना पत्नीला तिच्या शाळेपाशी सोडता. गेल्या दिवाळीनंतर तुम्ही २०१४ सालची, तारांच्या चाकांची १०० सीसी मोटरसायकल तिच्या दुसऱ्या मालकाकडून विकत घेतली. तिचा मागचा टायर गुळगुळीत झाला आहे, पुढच्या टायरची नक्षी मात्र शाबूत आहे. मागे सध्या १००/९०-१८ मापाचा (म्हणजे १०० मिलिमीटर रुंद, १८ इंची रिमचा) टायर आहे आणि दुकानदार तेच माप, पण ट्यूबलेस, घ्या म्हणून सांगतो आहे. कारखान्यातला एक सहकारी माळ्यावर ठेवलेला, फारसा न वापरलेला टायर निम्म्या किमतीत देऊ करतो आहे. यातले काय घ्यावे आणि पुढचा टायर तसाच ठेवला तर चालेल का, हे तुम्ही विचारले आहे.

मी गेली एकतीस वर्षे रावपुऱ्यात दुचाकींच्या चाकांचे काम करतो. माझे उत्तर असे: मागे गाडीच्या मूळ मापाचा, म्हणजे २.७५-१८ चा (पावणेतीन इंच रुंद), जास्त भारक्षमतेचा टायर घ्या. फार तर ३.००-१८ पर्यंत जा, त्यापुढे नको. तारांच्या चाकात ट्यूबलेसचे जास्तीचे पैसे देऊ नका. सहकाऱ्याचा टायर घेऊ नका. पुढचा टायरही बदला, आणि हे सगळे करण्यापूर्वी दोन्ही चाके उघडून रिम आतून तपासून घ्या. यातली प्रत्येक गोष्ट मी का सांगतो आहे, ते आता सविस्तर लिहितो.

जुनी गाडी घेणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक अशी होते की, चाकावर जो टायर बसलेला आहे त्यावरचे माप वाचून ते तसेच दुकानदाराला सांगतात. नव्या गाडीच्या बाबतीत हे ठीक आहे, परंतु दोन मालकांच्या हातून आलेल्या गाडीवर जे माप दिसते ते कारखान्याने ठरवलेले असेलच असे नाही; ते आधीच्या मालकाची हौस असू शकते. मूळ माप गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते, आणि बऱ्याच गाड्यांवर ते साखळीच्या कव्हरवर किंवा मागच्या आडव्या फोर्कवर चिकटवलेल्या स्टिकरवरही असते. पुस्तिका हरवली असेल आणि स्टिकर उडाला असेल तर रिमकडे वळा. तारांच्या रिमवर तिचे माप ठोकलेले असते. चिखल पुसून, बॅटरीचा प्रकाश तिरपा पाडून पाहिले की १.६०×१८ किंवा १.८५×१८ असे आकडे दिसतात. त्यातला पहिला आकडा म्हणजे रिमची इंचांतील रुंदी. कोणता टायर बसू शकतो हे हा आकडा ठरवतो. २.७५ चा टायर १.६० ते १.८५ च्या रिमसाठी असतो, ३.०० चा त्याच रिमवर नीट बसतो, पण १००/९० च्या टायरला किमान २.१५ इंच रुंदीची रिम लागते. तुमच्या वर्गातल्या गाडीला एवढी रुंद रिम कारखान्यातून येत नाही.

अरुंद रिमवर रुंद टायर चढतो, त्यात हवाही भरते आणि गाडी चालते, म्हणून लोकांना वाटते की काही बिघडले नाही. प्रत्यक्षात टायरच्या दोन्ही कडा, ज्यांत तारेचे कडे असते, त्या जवळ दाबल्या जातात आणि टायरचा वरचा भाग अंड्याच्या टोकासारखा उभा राहतो. मग सरळ जाताना रस्त्याला टेकतो तो मधला चिंचोळा पट्टा, तोच आधी झिजतो, आणि ज्या रुंदीसाठी पैसे दिले ती रस्त्याला लागतच नाही. वळताना गाडी एकदम कलते. त्याशिवाय १००/९०-१८ हा टायर मूळ टायरपेक्षा व्यासाने साधारण तीन सेंटिमीटर मोठा आहे, म्हणजे सुमारे पाच टक्के. त्यामुळे चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते आणि आठ अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनाला मागे माणूस बसल्यावर ओढ कमी पडते. या वर्गातल्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असल्याने काट्यात हा फरक दिसत नाही, आणि मालक बिचारा कार्ब्युरेटर साफ करत बसतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून मी स्वतः असा रुंद टायर चढवून दिला होता. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा टायरच्या डाव्या अंगावर साखळीच्या कव्हरने घासून बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी पडली होती आणि तिच्यातून आतला नायलॉनचा धागा दिसत होता. त्या दोन महिन्यांत ते रोज दोन मुलांना घेऊन त्याच टायरवर फिरत होते. त्या दिवसानंतर हे काम मी कोणासाठीही केलेले नाही. तुमच्याही टायरचे डावे अंग बोट फिरवून एकदा पाहा.

मापानंतर लगेच येणारा, पण सहसा कोणी न वाचणारा आकडा म्हणजे भारक्षमतेचा. २.७५-१८ या एकाच मापात ४२पी आणि ४८पी असे दोन टायर मिळतात. ४२ म्हणजे १५० किलो आणि ४८ म्हणजे १८० किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगाची मर्यादा, जिचा आपल्या वापरात प्रश्नच येत नाही. प्रश्न भाराचाच आहे. तुमचा हिशेब करून पाहू. गाडी पेट्रोलसह सुमारे ११० किलो, तुम्ही दोघे मिळून १३० धरू, डबा आणि पिशव्या १० किलो. एकूण झाले २५०. दोघे बसलेले असताना यातला साठ टक्क्यांहून अधिक भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे १५० किलोच्या वरच. ४२ चा टायर इथे पहिल्याच खड्ड्यात आपल्या मर्यादेबाहेर जातो. म्हणून अशा गाड्यांना कारखान्यातून पुढे ४२पी आणि मागे त्याच मापाचा, पण ४८पी टायर येत असे. दुकानात ‘पावणेतीन-अठरा द्या’ एवढेच म्हटले की समोर पुढच्या चाकाचा टायरही येऊ शकतो, आणि दिसायला दोन्ही सारखे असल्याने चूक ध्यानात येत नाही. तेव्हा मागच्या चाकासाठी मागताना ४८पी हे स्पष्ट सांगा आणि बसवण्यापूर्वी टायरच्या अंगावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ३.००-१८ घेतला तरी हाच नियम: आकडा ४७ किंवा त्याहून अधिक हवा. नंतरच्या काळात याच वर्गातल्या गाड्यांना ८०/१००-१८ हे, जवळजवळ ३.००-१८ एवढेच, माप आले. तुमच्या रिमवर १.८५ असेल तर तोही बसतो, फक्त साखळीचे कव्हर आणि मडगार्ड यांच्यापासून दोन्ही बाजूंनी बोटभर जागा मोकळी राहते ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे.

आता पुढच्या टायरकडे वळतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मागचा टायर साधारणपणे पुढच्याच्या दुप्पट वेगाने झिजतो, त्यामुळे मागे दोन टायर बदलून होतात तरी पुढचा तसाच राहतो आणि झिजण्याआधी म्हातारा होतो. त्याचे वय टायरवरच लिहिलेले असते. अंगावरच्या अक्षरांत एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. हे आकडे बहुधा एकाच अंगावर असतात, म्हणून एका बाजूला दिसले नाहीत तर चाक फिरवून दुसरी बाजू पाहा. अक्षरे धुळीने बुजली असतील तर वरून खडू घासा, उंचवटे पांढरे होऊन वाचता येतात.

पाच वर्षांनंतर दर सर्व्हिसिंगला टायर बारकाईने पाहावा आणि दहा वर्षांनंतर तो कसाही दिसत असला तरी काढून टाकावा, ही सर्वमान्य मर्यादा आहे. बडोद्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि आपल्या गाड्या दिवसभर कारखान्याच्या पत्र्याबाहेर उन्हात उभ्या असतात, हे लक्षात घेऊन मी स्वतः सहा-सात वर्षांच्या पुढे पुढचा टायर ठेवू देत नाही. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होते. अंगठ्याचे नख नक्षीच्या ठोकळ्यात दाबून पाहा. ताज्या रबरात ते किंचित रुतते, जुन्यात घसरते. खोबणीच्या तळाशी केसासारख्या आडव्या चिरा दिसल्या तर निर्णय झालाच समजा. कडक रबर कोरड्या रस्त्यावर निभावून नेते, पण पहिल्या पावसात, जेव्हा रस्त्यावरची धूळ आणि तेल मिसळून त्याचा साबणासारखा थर होतो, तेव्हा पुढचा ब्रेक दाबताच चाक सरकते. मागचे चाक घसरले तर गाडी पुष्कळदा सावरता येते. पुढचे घसरले की सावरायला वेळ मिळत नाही, आणि तुमच्या मागे पत्नी बसलेली असते. पैशाची ओढाताण असेल आणि एका वेळी एकच टायर घेता येत असेल, तर गुळगुळीत झालेला मागचा आज बदला आणि पुढचा पावसाळ्याच्या आत.

सहकाऱ्याच्या टायरचेही उत्तर यातच आले. माळ्यावर, पत्र्याखाली पडून राहिलेला टायर वापरात नसतानाही म्हातारा होत असतो. त्याच्यावरचे चार आकडे वाचा. तीन वर्षांच्या आतला आणि तुमच्याच मापाचा निघाला तर विचार करता येईल, पण ‘फारसा न वापरलेला’ याचा अर्थ तो एकदा चाकावर चढून उतरलेला आहे, आणि उतरवताना लोखंडी पट्ट्यांनी त्याची कड दुखावली आहे का, हे बाहेरून नेहमी दिसत नाही. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेला, किंवा नक्षी पुन्हा कोरून काळा रंग फासलेला टायर तर दुचाकीवर कधीच चढवू नये.

ट्यूबलेसबद्दल. ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवण्याचे काम टायर आणि रिम दोघे मिळून करतात. तारांच्या रिमला प्रत्येक तारेच्या निपलसाठी, म्हणजे तार आवळायच्या नटासाठी, छिद्र असते आणि तिथून हवा जाते, म्हणून तुमच्या चाकात ट्यूबलेस टायर घातला तरी आत ट्यूब टाकावीच लागते. तसे करण्यात धोका नाही, आणि तुमच्या मापात दुसरा ताजा टायर मिळालाच नाही तर जरूर करा. पण खिळा घुसल्यावर हवा हळूहळू जाण्याचा जो फायदा असतो तो मात्र मिळत नाही, कारण ट्यूब फुटली की हवा लगेच जाते. मकरपुऱ्यात जाणाऱ्यांना हा फायदा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस तिथल्या गल्ल्यांत कायम सांडलेला असतो, आणि त्याची पिळवटलेली टोके टायरमध्ये एकदम आरपार जात नाहीत; रोज थोडी थोडी आत सरकतात आणि आठ-दहा दिवसांनी ट्यूबपर्यंत पोहोचतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक सावकाश फिरवत, बारीक पेचकसाने खोबणीतला कीस उकरून काढायची सवय लावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि माझ्याकडे येणारी त्या भागातली बरीचशी पंक्चरे त्याने टळली असती. ट्यूबमध्ये भरायचे पंक्चररोधक द्रव मी सुचवत नाही. पुढे ठिगळ लावायची वेळ आली की त्या ओल्या ट्यूबवर ते चिकटत नाही.

रिम आतून पाहण्याचा आग्रह मी का धरतो, याला बडोद्यापुरते एक खास कारण आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले आणि असंख्य दुचाक्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्या नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या. इंजिनाचे तेल बदलले जाते, सीट नवे येते, पण टायर उतरवून रिम कोणी पाहत नाही. अशी एक गाडी गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती. टायर उतरवताच रिममधून मूठभर तपकिरी भुकटी जमिनीवर सांडली. रिमवरची रबरी पट्टी हाताने धरताच तुटली आणि तिच्याखाली निपल गंजून रिमशी एकजीव झाले होते. बाहेरून क्रोम चमकत होते. अशा रिमवर कितीही चांगला टायर चढवला तरी गंजाचे खवले आतून ट्यूब कापत राहतात आणि तारा ओढून घेता येत नाहीत. तुमची गाडी पुरातून गेली असेलच असे मी म्हणत नाही, परंतु ती त्यानंतर विकली गेली आहे, तेव्हा पाहणे भाग आहे. वरवरचा गंज असेल तर घासून, रंग देऊन, नवी पट्टी टाकून भागते. खड्डे पडले असतील तर रिम बदला.

चाक उघडलेलेच आहे तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून पाहा. खडबडीत लागले तर बदला. रिम डावीउजवीकडे डुलत असेल तर तारा ओढून तिचा आउट काढून घ्या, म्हणजे ती सरळ करून घ्या. जुन्या टायरची झीजही नीट पाहून मगच तो टाकून द्या. एकाच अंगाने झिजला असेल तर मागचे चाक सरळ रेषेत नाही, म्हणजे साखळी ताणण्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या गेलेल्या नाहीत. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर किंवा पुढच्या फोर्कचे तेल संपले आहे. हे दुरुस्त न करता नवा टायर चढवला तर तोही तसाच झिजेल.

नक्षी आणि कंपनी यांवर लोक सर्वाधिक चर्चा करतात. मला त्यात बोलण्यासारखे थोडेच वाटते. पुढे लांब रेषांची नक्षी हवी, कारण ती गाडीला दिशा धरून ठेवते. मागे ठोकळ्यांची, कारण ती ओढ देते. मोठ्या गोट्यांचे ऑफरोड टायर शहरात घेऊ नयेत. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके यांपैकी ज्याचा तुमच्या मापाचा टायर सर्वांत ताजा असेल तो घ्या. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरे दुकान पाहा. अंगावर आयएसआयची खूण आणि आयएस १५६२७ हा आकडा असावा. बिल अवश्य घ्या.

बसवताना मात्र समोर उभे राहा. नव्या टायरबरोबर ट्यूब नवीच टाका. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्याच घडीवर ती फाटते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाळला गेला पाहिजे. पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हपाशी यावा, कारण ती टायरची सर्वांत हलकी बाजू असते आणि वॉल्व्हचे वजन तिथे तोल साधते. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेषा दिसते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर असेल तरच टायर नीट बसला. एका जागी आत गेलेली दिसली तर हवा सोडून, साबणाचे पाणी लावून पुन्हा भरायला सांगा. ट्यूबच्या वॉल्व्हची चकती रिमवर घट्ट आवळू देऊ नका, किंचित सैल ठेवा. टायर रिमवर सरकला तर वॉल्व्ह तिरका होऊन ते आधीच दिसते, आवळलेला असेल तर तो मुळातून तुटतो.

हवेचा आकडा मूळ मापासाठी स्टिकरवर दिलेला असतो. या वर्गातल्या गाड्यांत तो सामान्यतः पुढे २५ पीएसआय, मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ४० च्या आसपास असतो. हा शेवटचा आकडा पाहून पंपावरचे मुलगे बिचकतात आणि ३० वर थांबतात. तुम्ही थांबू देऊ नका, कारण ४८ च्या टायरची १८० किलोची क्षमता पुरी हवा असेल तरच मिळते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो, त्यातून उष्णता वाढते, आणि मे महिन्यातल्या दुपारी हीच उष्णता त्याला फाडते. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. कामावरून परतताना तपासली तर आकडा दोन-चार पीएसआयने जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडू नका.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर राहिलेला असतो, त्यामुळे पहिले दोनशे किलोमीटर जोराने ब्रेक लावू नका आणि गाडी फार कलवू नका. तेवढे अंतर झाल्यावर तारा एकदा वाजवून पाहा. जी बद्द वाजेल ती सैल आहे, ती ओढून घ्या आणि साखळीचा झोल पुन्हा तपासा. शेवटी तुम्ही येत्या रविवारी पत्नीसह पावागडला जाण्याचे लिहिले आहे. तो बेत दोन आठवडे पुढे ढकला. माचीचा घाट उतरताना नवे टायर रुळलेले हवेत.